चित्रात इमारत आहे, पण आपण कुठे आहोत?

फणसवाडीतल्या एका चाळीच्या खोलीत आम्ही काही कार्यकर्ते रविवारी वाचायला बसतो. मागच्या बैठकीत एका साथीदाराने मोबाईलवर एक चित्र दाखवलं. एका निवृत्त प्राध्यापकांनी आपल्या महाविद्यालयाची पाडली गेलेली जुनी इमारत जलरंगात रंगवली होती. कौलारू छप्पर, लाकडी जिना, कमानींतून आत येणारं ऊन. पाहणाऱ्यांचं एकच म्हणणं होतं, 'गेले ते दिवस!'

चित्र सुंदर आहे, हे आम्ही आधीच सांगून टाकतो. प्राध्यापकांच्या कुंचल्याशी आमचं भांडण नाही. आमचं भांडण त्या हळहळीशी आहे. गेले ते दिवस नेमके कुणाचे होते?

याच मुंबईतल्या एल्फिन्स्टन हायस्कूलचा प्रसंग प्रत्येक भीमसैनिकाला माहीत आहे. शिक्षकांनी विद्यार्थी भीमरावांना गणित सोडवायला फळ्याकडे बोलावलं, तेव्हा वर्गात धावपळ उडाली. कारण फळ्यामागे सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे होते आणि ते बाटतील अशी त्यांना भीती होती. पुढे १९१८ साली बाबासाहेब परदेशातलं उच्च शिक्षण घेऊन सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. तिथेही प्राध्यापकांच्या खोलीतल्या पिण्याच्या पाण्याला त्यांनी हात लावू नये, म्हणून काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. डबा हलवणारी शाळकरी पोरं होती, पाणी अडवणारे प्राध्यापक होते. शिक्षण वाढलं, जात तशीच राहिली.

आता सांगा, या वास्तूंचं कुणी चित्र काढलं तर त्यात कमान येईल, जिना येईल, फळाही येईल. फळ्यामागून घाईघाईने उचललेले डबे येतील का? जातीला रंग नसतो, म्हणून चित्रात इमारत निष्पाप दिसते. मग बघणारा म्हणतो, किती छान दिवस होते!

यावर आम्हाला नेहमीचं उत्तर मिळतं, 'तुम्ही चित्रातसुद्धा जात आणता.' नाही महाशय. जात त्या वर्गात आधीपासून होती. तुमच्या आठवणीने ती पुसली. आम्ही फक्त पुसलेली जागा बोट ठेवून दाखवतो.

दुसरा प्रश्न याहून जवळचा आहे. आमच्या फणसवाडीतून मरीन लाइन्स पायी जाण्याइतकं जवळ. २० जून १९४६ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झालं, ते याच भागातल्या लष्करी बराकींत. तिथे कमानी नव्हत्या, मनोरा नव्हता. पण नोकरी करून शिकणाऱ्या मुलांसाठी सकाळचे वर्ग होते. ज्याचा बाप गिरणीत, ज्याची आई झाडूकामाला, त्या मुलाने तिथे वही उघडली आणि वर्ग आटोपून कामाची वाट धरली. पुढे महाविद्यालय फोर्टमध्ये आनंद भवन आणि बुद्ध भवन या वास्तूंत गेलं. बराकी मागे पडल्या.

त्या बराकींचं चित्र तुमच्या घरात आहे का? आमच्या घरांत नाही. बाबासाहेबांचं कोटातलं चित्र आहे, संविधान हातात घेतलेलं आहे, बुद्धाच्या बाजूला बसलेलं आहे. ज्या छपराखाली आपल्या आजोबांच्या पिढीने पदवी घेतली, ते छप्पर कुठेच नाही. देखणं तेवढंच चितारण्याजोगं असतं, हा प्रस्थापितांचा निकष आपणही मुकाट्याने मान्य केला आहे.

या मुकाट्याची किंमत आपण मोजली आहे. २५ जून २०१६ च्या पहाटे दादरचं आंबेडकर भवन पाडलं गेलं. त्याच आवारातली बुद्धभूषण प्रेसची वास्तूही गेली. वास्तू जीर्ण झाली होती, असं कारण पुढे आलं. मोडकी भिंत दुरुस्त होते. पण जिथून चळवळीचे शब्द छापून बाहेर पडले, ती जागा पाडल्यावर परत आणता येत नाही. १९ जुलैला समाज भायखळ्यापासून मोर्चाने रस्त्यावर उतरला, तो याच संतापाने. कमानीची इमारत गेली की वारसा गेला म्हणतात. आमची गेली की जुनं बांधकाम गेलं म्हणतात. वारसा कशाला म्हणायचं हे कुणी ठरवायचं, हाच खरा वाद आहे.

पण बोट दुसऱ्याकडेच दाखवून चालणार नाही. चौदा एप्रिलला आपण बॅनरवर आणि डीजेवर किती पैसे उडवतो? त्यातला थोडा जरी वाटा आपल्या वास्तूंच्या नोंदीसाठी बाजूला काढला असता, तर आज आपल्या हातात काही असतं. बराकीत शिकलेली पिढी आता जवळजवळ संपली आहे. उरलेल्यांच्या आठवणीही त्यांच्याबरोबर जातील, आणि तो दोष मनुवाद्यांचा नसेल, आपला असेल.

म्हणून मित्रांनो, हळहळ पुरे. वस्तीतल्या वडीलधाऱ्यांकडे वही घेऊन जा. वर्ग कुठे भरायचा, बाकं कशी होती, पाणी कुठे प्यायचे, पहिल्या तासाला यायला घरातून किती वाजता निघायचे, हे विचारा आणि लिहून घ्या. आपल्यात जे. जे. मध्ये शिकणारी पोरं आहेत, त्यांनी त्या माहितीवरून बराक कागदावर उभी करावी. आणि चित्रात माणसं काढा. रिकामी इमारत काढू नका. पायात चप्पल नसलेला, बगलेत वही धरलेला, कामावर जायची घाई असलेला आपला माणूस त्या दारात उभा दिसला पाहिजे.

प्राध्यापकांनी त्यांची इमारत रंगवली, त्याबद्दल त्यांचं अभिनंदन. आपली इमारत दुसरं कुणी येऊन रंगवणार नाही.

जयभीम!