विश्लेषण : नौदलाचे हेलिकॉप्टर मुंबईजवळ समुद्रात का उतरवावे लागले? उपनगरांवर अशी वेळ आली तर?

हवेत असताना विमानाची किंवा हेलिकॉप्टरची शक्ती गेली, तर उतरायचे कुठे हे वैमानिकाला काही सेकंदांत ठरवावे लागते. मार्च २०२३ मध्ये मुंबईच्या किनाऱ्याजवळ नौदलाच्या ‘ध्रुव’ हेलिकॉप्टरवर ही वेळ आली. त्यातील तिघेही वाचले. पण त्यानंतरच्या तपासातून पुढे आलेले प्रश्न अधिक गंभीर आहेत.

नेमके काय घडले?

८ मार्च २०२३ रोजी नौदलाचे हे प्रगत हलके हेलिकॉप्टर नेहमीच्या उड्डाणावर होते. नौदलाने दिलेल्या माहितीनुसार, अचानक शक्ती कमी झाली आणि हेलिकॉप्टर वेगाने खाली येऊ लागले. वैमानिकाने प्रसंगावधान राखून ते नियंत्रित पद्धतीने पाण्यावर उतरवले. ते तरंगते ठेवणारी आपत्कालीन यंत्रणा उघडली गेली. तिन्ही कर्मचाऱ्यांना नौदलाच्या गस्ती नौकेने बाहेर काढले. पुढे हेलिकॉप्टरही पाण्याबाहेर आणण्यात आले.

शक्ती गेल्यावर वैमानिक काय करतो?

इंजिन बंद पडले म्हणून विमान दगडासारखे खाली पडत नाही. छोटे विमान हजार फुटांवरून साधारण अडीच किलोमीटर तरंगत जाऊ शकते. मुंबईच्या हिशेबात हे अंतर एका स्टेशनापासून पुढच्या स्टेशनाच्या जरा पलीकडे इतकेच. हेलिकॉप्टर खाली येताना हवेच्या झोतावर त्याची पाती फिरत राहतात. ही गती वापरून वैमानिक शेवटच्या क्षणी वेग कमी करतो. याला ‘ऑटोरोटेशन’ म्हणतात. लढाऊ विमानाच्या वैमानिकाकडे आणखी एक पर्याय असतो. १६ नोव्हेंबर २०१९ रोजी गोव्यात पक्ष्यांच्या धडकेनंतर मिग-२९के विमानाचे एक इंजिन बंद पडले, तर दुसऱ्याने पेट घेतला. वैमानिकांनी विमान वस्तीपासून दूर वळवले आणि आसनासह बाहेर झेप घेतली. ‘ध्रुव’मध्ये अशी आसने नसतात.

दोष इंजिनाचाच होता का?

‘ध्रुव’ला दोन इंजिने आहेत. शिवाय शक्ती जाणे आणि इंजिन बंद पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हेलिकॉप्टर वर उचलले जाते ते पात्यांचा कोन बदलून. वैमानिकाच्या हातातील दांडा आणि पाती यांना जोडणारी दांडी निकामी झाली, तर इंजिन सुरू असूनही उंची टिकवता येत नाही. या घटनेनंतर तपासाचा रोख याच नियंत्रण दांड्यांकडे वळला आणि अॅल्युमिनियमच्या दांड्यांऐवजी पोलादी दांड्या बसवण्याचा निर्णय झाला.

प्रश्न तिथे संपला का?

नाही. २६ मार्च २०२३ रोजी कोची येथे तटरक्षक दलाचे ‘ध्रुव’ उड्डाण करताच कोसळले. ५ जानेवारी २०२५ रोजी पोरबंदर विमानतळावर तटरक्षक दलाच्याच ‘ध्रुव’च्या अपघातात तिघांचा मृत्यू झाला. त्यानंतर सुमारे ३३० ‘ध्रुव’ हेलिकॉप्टरांची उड्डाणे थांबवण्यात आली. या वेळी दोष आढळला तो पात्यांच्या कोनाचे नियंत्रण करणाऱ्या ‘स्वॉशप्लेट’ या भागात. मे २०२५ मध्ये लष्कर आणि हवाई दलाच्या ‘ध्रुव’ना पुन्हा उड्डाणाची परवानगी मिळाली.

उपनगरांवर असे घडले तर?

मुंबई विमानतळाच्या मुख्य धावपट्टीच्या पूर्वेला घाटकोपर आहे, तर पश्चिमेला विलेपार्ले, जुहू आणि पुढे समुद्र. बोरिवली आणि मुलुंड यांच्यामध्ये राष्ट्रीय उद्यान आहे, पण तिथे डोंगर आणि दाट झाडी. सपाट मोकळी जागा उरली आहे ती मुख्यतः पूर्वेकडील मिठागरांची. त्यांपैकी सुमारे २५६ एकर जमीन धारावीकरांच्या पुनर्वसनासाठी देण्याचे ठरले आहे.

वस्तीवर विमान कोसळले तर काय होते, हे २८ जून २०१८ रोजी दिसले. जुहूहून चाचणीसाठी निघालेले बीचक्राफ्ट किंग एअर हे नागरी विमान घाटकोपरच्या सर्वोदय नगर भागात कोसळले. विमानातील चौघांसह एका पादचाऱ्याचाही मृत्यू झाला.

समुद्र म्हणजे सुरक्षितता का?

तशी हमी नाही. २८ जून २०२२ रोजी ओएनजीसीच्या कर्मचाऱ्यांना नेणारे पवन हंसचे हेलिकॉप्टर तेलफलाटाजवळ समुद्रात उतरवावे लागले. नऊपैकी चौघांचा मृत्यू झाला. पाण्यावर उतरल्यावर हेलिकॉप्टर किती वेळ तरंगते आणि बचाव नौका किती लवकर पोहोचते, यावर जीव वाचणे अवलंबून असते. मार्च २०२३ मध्ये या दोन्ही गोष्टी जुळून आल्या.

वैमानिकाचे कौशल्य ही शेवटची ढाल आहे. घाटकोपर किंवा अंधेरीसारख्या दाट वस्तीवर तिला फारसा वाव नसतो. म्हणूनच सुटा भाग वेळेत तपासणे आणि एका अपघाताचे कारण पुढचा अपघात होण्याआधी शोधणे, ही वस्तीसाठी खरी सुरक्षितता आहे.