आधी किचन दाखवा

बारावीचा निकाल लागला की हॉटेल मॅनेजमेंटची माहितीपत्रकं घेऊन पालक भेटायला येतात. काचेची इमारत, परदेशी सहलीचा फोटो, ‘शंभर टक्के प्लेसमेंट’. मी एकच विचारतो, तिथलं किचन पाहिलंत का?

एका कॉलेजात प्रॅक्टिकल चालू असताना गेलो होतो. एका ओट्याभोवती दहा मुलं. एक जण कांदा चिरत होता, बाकीची वहीत उतरवून घेत होती. दुसरीकडे प्रत्येकासमोर स्वतःचा बोर्ड आणि सुरी होती. एका मुलीचं मेयोनीज फाटलं. सरांनी ते टाकू दिलं नाही. नवा बलक घ्यायला लावला आणि फाटलेलं मिश्रण त्यात थेंबथेंब घालत फेटायला सांगितलं. दहा मिनिटांत ते पुन्हा जमून आलं. ती मुलगी हे जन्मात विसरणार नाही. हा धंदा हातानं शिकायचा आहे.

लीलावती मुन्शी यांच्या पुढाकारानं १९५४ मध्ये मुंबईत अशा शिक्षणाची देशातली पहिली संस्था सुरू झाली. दादरची आयएचएम ती हीच. तिथं किंवा गोव्यात पर्वरीच्या आयएचएमला जायचं, तर एनसीएचएम जेईई द्यावी लागते. राज्यातल्या चार वर्षांच्या बीएचएमसीटीसाठी सीईटी वेगळी. खासगी कॉलेज असेल, तर पदवी कोणत्या विद्यापीठाची, हे लेखी घ्या. फीमध्ये युनिफॉर्म, सुऱ्यांचा संच आणि प्रॅक्टिकलचं सामान धरलंय का, तेही विचारा.

सगळ्यात जास्त खोदून विचारायचं ते इंडस्ट्रियल ट्रेनिंगबद्दल. फ्रंट ऑफिस, सर्व्हिस, किचन, हाउसकीपिंग या चारही विभागांत मुलांना फिरवतात, की सगळे महिने बँक्वेटमध्ये प्लेटा उचलायला ठेवतात? कॉलेजचे शिक्षक हॉटेलात येऊन लॉगबुक तपासतात का? मूल ब्रेक शिफ्टमध्ये आजारी पडलं, तर फोन कोणाला करायचा? याची खरी उत्तरं ऑफिसात मिळत नाहीत. गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर ट्रेनिंग करून आलेली मुलं भेटतात, त्यांना विचारा.

ही फी भरायला कितीतरी घरांत कर्ज काढलं जातं, दागिने गहाण पडतात. म्हणून पसंतीक्रम भरण्याआधी एक दिवस काढा. मुलाला किंवा मुलीला सोबत घ्या आणि प्रॅक्टिकलच्या वेळी जा. किचन दाखवायला जे कॉलेज टाळाटाळ करेल, त्याचं नाव यादीतून काढून टाका.