सरळ फॉरमॅट मार!

आमच्या घराण्यात दोन औषधं पिढीजात आहेत. पोटदुखीवर ओवा, आणि कॉम्प्युटरच्या कुठल्याही दुखण्यावर ‘फॉरमॅट मार’. ओव्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

दिवाळीत आजऱ्याला काकांकडे गेले होते. त्यांच्या पीसीवर उजव्या कोपऱ्यात दर दोन मिनिटांनी एक चौकोन उगवायचा : ‘तुमच्या संगणकात 5 व्हायरस सापडले!’ शोधायला जावं कोल्हापूरच्या गाडीची वेळ, तर भलतंच सर्च पान उघडून जाहिराती दाखवायचं. दादाने पलंगावरून न उठताच निदान केलं, "काका, तुम्ही काहीतरी नको ते क्लिक केलं असणार. सरळ फॉरमॅट मारा." सगळे हसले. काकाही हसले, पण कसनुसं. मला त्या हसण्याचाच राग आला, म्हणून हे लिहितेय. (दादा, तू वाचतोस हे मला माहीत आहे.)

मार्क रुसिनोविच हे नाव ऐकलंय? विंडोजच्या पोटातली खडान्‌खडा माहिती असलेला माणूस. लपलेल्या गोष्टी शोधणारा प्रोग्रॅम त्याने स्वतः लिहिला होता. 2005 च्या ऑक्टोबरमध्ये तो प्रोग्रॅम स्वतःच्याच मशीनवर चालवून बघताना त्याला तिथे एक रूटकिट सापडलं. कुठून आलं? सोनी बीएमजीच्या, दुकानातून रीतसर विकत घेतलेल्या गाण्यांच्या सीडीतून! कॉपी होऊ नये म्हणून कंपनीने ते गुपचूप बसवलं होतं. बोंब झाल्यावर काढून टाकायला जे साधन दिलं त्याने आणखी भोकं पडली, आणि शेवटी सीड्या परत मागवाव्या लागल्या. आता सांगा, रुसिनोविचने ‘नको ते’ काय क्लिक केलं होतं?

अवास्टचं प्रकरण तर याहून कडू. अँटीव्हायरस म्हणून लोकांनी विश्वासाने घरात घेतला, आणि तो लोक कुठल्या साइटवर जातात त्याची माहिती जमवून आपल्या जंपशॉट नावाच्या उपकंपनीमार्फत विकत होता. 2020 मध्ये ते उघड झाल्यावर जंपशॉट बंद केली. 2024 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 1 कोटी 65 लाख डॉलर भरायला लावले. म्हणजे राखणीला ठेवलेलाच घरातल्या गोष्टी बाजारात सांगत होता. आणि आपण हसतो कोणाला, तर बहात्तर वर्षांच्या निवृत्त मास्तरांना.

असो. रात्री जेवणं झाल्यावर मी पीसीसमोर बसले. काकांनाही शेजारी बसवलं, कारण त्यांच्याशिवाय ‘हे कधी आलं’ हे सांगणार कोण? तो व्हायरसचा चौकोन व्हायरस नव्हताच. कुठल्याशा साइटने ‘तुम्ही रोबो नाही हे दाखवण्यासाठी अलाउ दाबा’ म्हटलं, काकांनी दाबलं, आणि त्या साइटला नोटिफिकेशन पाठवायची मुभा मिळाली. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन साइट काढली, चौकोन गेला. एक मिनिटाचं काम. हो, त्या चौकोनातलं ‘साफ करा’ मात्र कधीही दाबू नका, खरी घाण तिथूनच येते.

सर्चचं प्रकरण चिवट निघालं. पीडीएफ बनवून देणारं एक एक्स्टेन्शन होतं, त्याचं काढायचं बटणच मिटलेलं. आणि क्रोमच्या मेनूत खाली लिहिलेलं, की हा ब्राउझर ‘तुमची संस्था’ सांभाळते. काका म्हणाले, "आमची कुठली गं संस्था? पतसंस्था?" खूप हसलो आम्ही, पण धागा तोच होता. ऑफिसांसाठी असलेली सोय वापरून त्या प्रोग्रॅमने रजिस्ट्रीत स्वतःचे नियम लिहून ठेवले होते. ते अ‍ॅडवक्लीनरने पुसले. सकाळी पुन्हा हजर! मग टास्क शेड्यूलर उघडला, तर लॉगिन केलं की सगळं परत बसवणारं एक काम तिथे लावलेलं. ते आणि इन्स्टॉलच्या तारखेप्रमाणे यादी लावून सापडलेला त्याच दिवशीचा ‘पीडीएफ’ प्रोग्रॅम, दोन्ही काढलं. मग डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन. हा विंडोज सुरू व्हायच्या आधी चालतो, त्यामुळे लपणाऱ्यांना लपायला जागा कमी. शेवटी माझ्या फोनवरून काकांच्या मेलचा आणि बँकेचा पासवर्ड बदलला. संशयित मशीनवर बसून नवा पासवर्ड टाकण्यात काय अर्थ?

एवढ्याला अडीच तास लागले. दादा म्हणेल, फॉरमॅट पाऊण तासात झाला असता. झाला असता ना! 2017 मध्ये झालाच होता. तेव्हाही अशाच जाहिराती येत होत्या, तेव्हाही सगळ्यांनी हेच औषध सांगितलं, आणि दुकानातल्या मुलाने काही न विचारता डी ड्राइव्हसकट डिस्क कोरी करून दिली. त्यात काकांची एक्सेल फाइल होती. 2006 पासून रोज सकाळी साडेआठला परसातल्या पर्जन्यमापकातलं पाणी मोजून मिलिमीटरमध्ये लिहिलेला अकरा वर्षांचा आजऱ्याचा पाऊस. काका तेव्हा कोणाला काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी शंभर पानी वही आणली आणि पुन्हा हाताने लिहायला लागले.

फॉरमॅट कधीच करू नये असं मी म्हणत नाही. पासवर्ड चोरणारं काही खोल शिरलंय अशी शंका असेल तर तोच प्रामाणिक उपाय आहे. पण आधी फायली बाहेर काढा, आणि मशीनच्या मालकाला विचारा की यात काय आहे.

आता नातेवाइकांसाठी काम. काका दर दिवाळीला त्या वर्षीच्या पावसाचा तक्ता आपल्याला मेलवर पाठवायचे, आठवतं? आपल्यापैकी बहुतेकांनी तो उघडलाही नसेल. माझ्या जुन्या मेलमध्ये 2009, 2012 आणि 2013 सापडले. बाकीची वर्षं कोणाकडे ना कोणाकडे पडून असतील. ‘पाऊस’ किंवा ‘आजरा’ घालून शोधा आणि मला पाठवा. दादा, तू सुद्धा.