तासावरचा पगार आणि बाईचे नऊ महिने



वैमानिकांच्या पगाराचा प्रश्न आपल्या अंकात कशाला, असे अनेकींना वाटेल. मोलकरणीच्या किमान वेतनासाठी, शेतमजूर बाईच्या रोजासाठी झगडणाऱ्या आपण लाखांत पगार घेणाऱ्यांची बाजू का घ्यायची? सवाल रास्त आहे. पण पगाराचा आकडा बाजूला ठेवून तो मोजतात कसा ते पाहा. मग चित्र ओळखीचे वाटू लागते.

वैमानिकाला मूळ पगार असतो आणि त्यावर उड्डाणाच्या तासांप्रमाणे भत्ता. हा भत्ता म्हणजे वरखर्चाची रक्कम नव्हे, कमाईचा मोठा हिस्सा तोच. विमान उडाले तर पैसा, जमिनीवर राहिले तर नाही. आपली विडी कामगार बहीण हजार विड्यांवर मजुरी घेते. हात चालला तर चूल पेटते. दोघींच्या राहणीत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण धंद्याच्या चढउताराचा धोका कामगाराच्या गळ्यात बांधायची युक्ती एकच आहे.

वैमानिकांना ही युक्ती पुरती कळलेली आहे. २००७ साली एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एक झाल्या. कंपनी एक, पण पगार दोन तऱ्हेचे. एप्रिल २०११ मध्ये जुन्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी संप केला. समान वेतन आणि उड्डाणाच्या ठरावीक तासांची हमी या त्यांच्या मागण्या होत्या. संघटनेची मान्यता काढली गेली, कार्यालयांना टाळे लागले, पुढाऱ्यांना बडतर्फ केले, कोर्टाच्या अवमानाची टांगती तलवार आली. तरी संप दहा दिवस टिकला. पुढच्याच वर्षी जुन्या एअर इंडियाच्या वैमानिकांनी संप केला, तो मात्र नव्या विमानांचे प्रशिक्षण दुसऱ्या गटाला का, यावरून! मालकाला आणखी काय हवे? अखेर एप्रिल २०२३ मध्ये, कंपनी खासगी झाल्यावर, हमीचे तास ७० वरून ४० वर आणणारा करार पुढे आला तेव्हा या दोन्ही संघटनांनी मिळून विरोध केला. आपसातले भांडण मालकाच्या पथ्यावर पडते हे शिकायला बारा वर्षे लागली.

या सगळ्यात बाई कुठे आहे?

आपल्या देशात वैमानिकांमध्ये सुमारे १५ टक्के स्त्रिया आहेत. जगाची सरासरी पाच टक्क्यांच्या आसपास. मंत्री हा आकडा अभिमानाने सांगतात. पगारात भेदभाव नाही, तासाचा दर स्त्री-पुरुषांना एकच, असेही सांगितले जाते. दर एकच आहे, कबूल. पण तास? गरोदर वैमानिकेला प्रसूतीच्या कितीतरी आधी उड्डाण थांबवावे लागते. ते योग्यच आहे, सुरक्षिततेचा प्रश्न आहे. पण उड्डाण थांबले की तासांचा भत्ताही थांबतो. प्रसूतीची रजा २०१७ साली २६ आठवड्यांची झाली, पण रजेतला पगार मोजतात तो आधीच्या तीन महिन्यांच्या सरासरीवर. ते तीन महिने जमिनीवर काढले असतील तर सरासरी कशाची निघणार? शिवाय कॅप्टन व्हायला उड्डाणाचे तास लागतात, म्हणजे बढतीही लांबते. कायद्यात कुठेही ‘बाईला कमी द्या’ असे लिहिलेले नाही. लिहायची गरजच उरलेली नाही.

म्हणून हमीच्या तासांची मागणी ही बाईचीही मागणी आहे. पण चर्चेत येतात ती कंत्राटे, कर्जाचे हप्ते आणि सीनियॉरिटी. बाळंतपणाचा हिशेब कोण मांडणार?

संघटना आपोआप बाईची होत नसते, हे याच कंपनीचा इतिहास सांगतो. हवाई सेविकेने पहिल्या चार वर्षांत लग्न केले किंवा ती पहिल्यांदा गरोदर राहिली तर नोकरी संपे. नाहीतर पस्तिशीला निवृत्ती. पुरुष पर्सर मात्र ५८ पर्यंत. नर्गेश मिर्झा खटल्यात १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाची अट रद्द केली, लग्नाची मात्र ठेवली! पुढे २००५ मध्ये विमानातले पर्यवेक्षकपद स्त्रियांना खुले झाले, तेव्हा पुरुष सहकारीच कोर्टात गेले. बाईच्या हाताखाली काम करायचे नव्हते. २०११ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळला. वैमानिक ‘समान वेतन’ म्हणत संपावर गेले तेही २०११ सालीच. एकाच विमानात पुढे समतेची घोषणा आणि मागे बाईच्या हुकमाचा विटाळ!

तेव्हा वैमानिक भगिनींनो, संघटनेबाहेर राहू नका. आत जा, समितीत बसा आणि तीन गोष्टी मागणीपत्रात लिहायला लावा. गरोदरपणात जमिनीवर असतानाही हमीच्या तासांचा भत्ता. रजेचा पगार उड्डाण थांबण्यापूर्वीच्या सरासरीवर. आणि विमानाच्या मागच्या भागात राबणाऱ्या केबिन क्रूच्या मागण्या आपल्या मागण्यांच्या शेजारी.

आणि आपण? पायलट बाईचा सत्कार करून, फोटो काढून थांबायचे की तिच्या पगारपत्रकात डोकवायचे? तासावर, नगावर, हजारावर मोजल्या जाणाऱ्या प्रत्येक बाईचा प्रश्न एकच आहे : ज्या दिवसांत शरीर दुसऱ्या जिवासाठी राबते, त्या दिवसांचे मोल कोण देणार?