पुरावा तुम्ही द्या

दोस्तांनो, भिंतीवर पँथर रंगवता, तो आला कुठनं? सगळे ऑकलंड म्हणतात. ऑकलंडच्या आधी तो अलाबामातल्या लाउन्डस काउंटीत होता, निवडणुकीचं निशाण म्हणून. तिथं शंभरात ऐंशी माणसं काळी. आणि १९६५ साल उजाडलं तेव्हा मतदार यादीत काळं नाव एकही नव्हतं. एकही! काळ्यांनी मत देऊ नये असं कायद्यात लिहिलेलं नव्हतं. कायदा सभ्य होता. फॉर्म भरा, वाचून दाखवा, पास-नापास गोरा कारकून ठरवील. तरी जे नाव घालायला गेले त्यांना जमीनमालकांनी घरातनं हाकललं. ते रस्त्याकडेला तंबू ठोकून राहिले. नाव मागं घेतलं नाही.

आपली पोरं मोर्चाला येतात, कवितेला वाहवा करतात, आणि मतदार यादी म्हटली की जांभया देतात. म्हणे, कारकुनाचं काम. अरे, म्हणूनच भ्या! लाठी मारणारा दिसतो. नाव खोडणारा दिसत नाही.

बाबासाहेबांनी हे जून १९४९ मध्येच घटना समितीत सांगितलं होतं : काही प्रांतांत, जे तिथल्या बहुसंख्यांच्या वंशाचे, संस्कृतीचे, भाषेचे नाहीत, त्यांना यादीबाहेर ठेवलं जातंय. म्हणून याद्या प्रांत सरकारांच्या हातातनं काढून आयोगाकडं दिल्या.

आता त्याच आयोगाचं बघा. २४ जून २०२५ ला बिहारात फेरतपासणीचा हुकूम निघाला. २००३ च्या यादीत ज्याचं नाव नाही त्यानं अकरातला एक कागद आणायचा. रेशनकार्ड चालणार नाही. आधार चालणार नाही. आयोगानं स्वतः दिलेलं ओळखपत्रही चालणार नाही! च्यायला, स्वतःच्या सहीवर स्वतःचाच भरवसा नाही. १ ऑगस्टच्या कच्च्या यादीतनं ६५ लाख नावं उडाली. त्यातली २२ लाख मेलेली, सात लाख दुबार. उरलेली सुमारे ३६ लाख म्हणे गाव सोडून गेलेली किंवा सापडली नाहीत. कुणाची उडाली, का उडाली, हे छापा म्हणून १४ ऑगस्टला सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं. आधार घ्या, हेही ८ सप्टेंबरला कोर्टानंच सांगितलं.

गाव सोडून गेले! कुठं गेले ते गोदीत येऊन बघा. माझ्या शेजारी गोणी उचलतायत. कामासाठी तात्पुरता गेलेला माणूस गावचा राहत नाही असं होत नाही, हे १९५० च्या कायद्याच्या विसाव्या कलमात लिहिलंय. पण घरी कुलूप दिसलं की हा गेला. साहेबलोक परदेशी जाऊन पासपोर्टावर मतदार राहतात, ते कुणाला गेलेले वाटत नाहीत.

त्या अकरात मॅट्रिकचा दाखला आहे. म्हणजे त्या फुटपट्टीनं मी पास. माझी आई? तिची जन्मतारीख म्हणजे बहात्तरचा दुष्काळ. त्याचा दाखला कुठल्या टेबलावर मिळतो?

म्हणतात, हे यादीचं शुद्धीकरण. हा शब्द आपल्याला नवा नाही. १९२७ ला आपण महाडच्या तळ्यात ओंजळ घातली, तेव्हा त्यांनी १०८ घागरी पंचगव्य ओतून असंच शुद्धीकरण केलं होतं.

तर मेलेल्यांची नावं ठेवायची काय? नाही. काढा. मेलेल्याच्या नावावर मत पडतं ते आपल्या बाजूनं क्वचितच पडतं. पण काढणाऱ्यानं पुरावा आणावा. मेला म्हणता, तर मृत्यूची नोंद दाखवा. गेला म्हणता, तर नोटीस द्या, समोर बोलवा, ऐकून घ्या, मग खोडा. तीन पिढ्या मत देणाऱ्या माणसानं दर वेळी रांगेत उभं राहून मी या देशाचा आहे असं का सांगायचं? ती लाउन्डसच्या कारकुनाची परीक्षा झाली. ज्या अलाबामात ती व्हायची, तिथल्याच शेल्बी काउंटीच्या खटल्यात २०१३ साली अमेरिकेच्या कोर्टानं १९६५ च्या मतदान कायद्याचं मुख्य कलम मोडलं. मिळालेलं परत जातं, दोस्तांनो. कोर्टातनंही जातं.

कविता बाजूला ठेवा एक रविवार. यादी उतरवून घ्या, वस्तीत वडाखाली नाहीतर नळावर बसा, आणि नावं मोठ्यानं वाचा. ज्याचं नाव येत नाही त्याचा सहा नंबरचा फॉर्म तिथंच भरा. ज्याला सही येत नाही त्याचा आधी.