लाल डोळा पांढरा करण्याची घाई

भातकापणी सुरू झाली की रायगडच्या खारेपाटात डोळ्यांच्या दुखापतींचाही हंगाम सुरू होतो. पाते धारदार, लोंबीचे टोक अणकुचीदार. झोडताना दाणा उडतो, उपणताना तूस वाऱ्यावर येते. किनाऱ्यावर खडकातली कालवे फोडणाऱ्या बायकांच्या डोळ्यात शिंपल्याची कपची जाते. बहुतेक वेळा जखम छोटी असते, बुब्बुळावरच्या पारदर्शक पडद्याला म्हणजे कॉर्नियाला गेलेला एक ओरखडा. डोळा खुपतो, पाणी गळते, लालभडक होतो. तरी काम थांबत नाही. संध्याकाळी मेडिकलमधून ‘डोळे आल्याचे’ थेंब आणले जातात किंवा आजोबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेली बाटली फळीवरून खाली काढली जाते. तिच्यात स्टेरॉइड असेल तर सकाळपर्यंत लाली ओसरते आणि औषध लागू पडले असे घर समजते. माझे म्हणणे नेमके या समजाविरुद्ध आहे. जखमी डोळ्याची लाली सहसा मदत पोहोचत असल्याची खूण असते. तपासणीआधीच ती पुसून टाकली, तर डोळा मदतीला मुकतो आणि धोक्याच्या इशाऱ्यालाही.

कॉर्निया मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. प्रकाश आरपार जावा म्हणून त्यात एकही रक्तवाहिनी नाही. प्राणवायू तो अश्रूंमार्फत हवेतून घेतो, पोषण मुख्यतः आतल्या द्रवातून. मग ओरखडा भरण्यात रक्ताचे काय काम, असे वाटणे साहजिक आहे. शेजारच्या पेशी सरकतात, नव्या पेशी तयार होतात आणि जखम झाकली जाते, हे खरेच आहे. पण एवढ्यावर भागत नाही, हे ह्यूस्टनच्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनमधल्या संशोधकांनी उंदरांवरच्या प्रयोगांत दाखवले. रस्ता नसलेल्या गावाला खाडीपलीकडून तरीने मदत यावी, तशी कॉर्नियाला ती काठावरून येते. काळे आणि पांढरे जिथे मिळते त्या कडेला बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे आहे. पृष्ठभागावर ओरखडा उठला की वरच्या थरात आधीपासून वस्तीला असलेल्या गॅमा-डेल्टा टी पेशी रासायनिक संदेश सोडतात. काही तासांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी कडेच्या वाहिन्यांतून बाहेर पडून जखमेकडे निघतात. प्लेटलेट्सही तिथे जमतात. रक्त गोठवणाऱ्या म्हणून आपण त्यांना ओळखतो, डेंग्यूच्या दिवसांत त्यांचे आकडे घरोघर तोंडपाठ असतात, पण इथे त्यांचे काम वेगळे आहे. त्या पेशींच्या वाढीला चालना देणारी द्रव्ये सोडतात आणि न्यूट्रोफिलना बाहेर पडायला मदत करतात. ज्या उंदरांत न्यूट्रोफिल किंवा प्लेटलेट्स कमी केल्या, त्यांची जखम उशिरा भरली. कापल्या गेलेल्या नाजूक नसा पुन्हा वाढण्यातही न्यूट्रोफिलचा हात असल्याचे दिसले. आपल्याला आरशात दिसणारी लाली ही कडेच्या त्याच वाहिन्या रुंदावल्याची असते.

उंदराचा डोळा म्हणजे माणसाचा डोळा नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. उंदरातले तास आणि आकडे जसेच्या तसे आपल्याला लावता येणार नाहीत. पण रक्तातल्या द्रव्यांचा कॉर्नियाला उपयोग होतो, हे माणसांच्या उपचारातही दिसते. महिनोन्महिने न भरणाऱ्या जखमांसाठी नेत्रतज्ज्ञ रुग्णाच्याच रक्तातले सीरम वेगळे करून त्याचे थेंब वापरतात, काही ठिकाणी प्लेटलेटयुक्त द्रवही वापरतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. दाह नेहमी मित्र नसतो. न्यूट्रोफिल गरजेपेक्षा जास्त काळ रेंगाळले तर त्यांचीच विकरे कॉर्नियाचा गाभा विरघळवू लागतात आणि मागे पांढरा डाग उरतो. आपल्याकडे ‘डोळ्यात फूल पडले’ म्हणतात ते हेच. म्हणूनच डॉक्टर स्वतः कधी कधी स्टेरॉइड देतात. मात्र ते कसे देतात, हे पाहण्यासारखे आहे. जिवाणूंमुळे झालेल्या कॉर्नियाच्या व्रणांवर 500 रुग्णांची एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2012 साली प्रसिद्ध झाले आणि तिच्यातले बहुतेक रुग्ण तमिळनाडूतल्या अरविंद नेत्र रुग्णालयांतले होते. जंतू तपासून, बुरशी नाही याची खात्री करून, दोन दिवस प्रतिजैविक देऊन मगच स्टेरॉइड सुरू केले गेले. इतकी काळजी घेऊनही तीन महिन्यांनंतरच्या दृष्टीत एकंदरीत फरक पडला नाही. तज्ज्ञांच्या नजरेखाली ज्याचा सरसकट फायदा दिसला नाही, ते औषध न तपासलेल्या डोळ्यात अंदाजाने घालण्याला काय आधार आहे?

रायगडच्या किनाऱ्यावर तर जास्तच काळजी हवी, कारण इथली जखम बहुधा पानापात्याची, तुसाची, लाकडाची असते. तिच्याबरोबर फ्युजेरियम, अ‍ॅस्परजिलस अशा बुरशीचे कण आत जातात आणि दमट हवा त्यांना मानवते. बुरशीचा व्रण सुरुवातीला गाजावाजा करत नाही, काही दिवस घेत हळूहळू पसरतो. तिला रोखणाऱ्या पहिल्या फळीत हेच न्यूट्रोफिल असतात. स्टेरॉइडने ते दबले की डोळा वरवर शांत दिसतो आणि आत बुरशीला रान मोकळे मिळते. लाली परतते तेव्हा पांढरा ठिपका उमटलेला असतो आणि पुढे आठवडेच्या आठवडे तासातासाला थेंब घालण्याची पाळी येते. कधी तेवढ्यानेही भागत नाही, कॉर्निया बदलावा लागतो, आणि बुरशीने पोखरलेल्या डोळ्यात तो टिकेल याचीही खात्री नसते. पन्नाशीच्या आतल्या भारतीयांमध्ये अंधत्वाचे पहिले कारण मोतीबिंदू नसून कॉर्नियाचा डाग आहे, असे देशपातळीवरच्या 2015 ते 2019 च्या पाहणीत आढळले. मोतीबिंदूच्या शिबिरांचे फलक गावोगाव लागतात, कॉर्नियाचे नाव त्यांवर क्वचितच असते.

मग सगळा दोष मेडिकलवाल्याचा? तसे म्हणणे सोपे आहे, पण बरोबर नाही. डोळ्यात घालायची स्टेरॉइड आणि प्रतिजैविके चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, असे नियम सांगतो. पण श्रीवर्धनच्या माणसाला पनवेल शंभर किलोमीटरच्या पलीकडे आहे आणि अलिबाग गाठायचे तर एक तर दिघी-आगरदांड्याची जेटी, नाही तर खाडीला मोठा वळसा. एका दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच. रात्री आठला उघडे असलेले एकच दार मेडिकलचे असते. त्याला दंडाची भीती घालून भागणार नाही, त्याला कामात सामील करून घ्यावे लागेल. डोळ्यात काय गेले आणि कधी गेले, एवढे त्याने विचारावे. उत्तरात भात, काडी, शिंपला असे काही आले तर थेंब न देता रुग्णाला सरकारी दवाखान्यात धाडावे.

शरीर स्वतःच जखम भरते म्हणता, मग दवाखाना तरी कशाला, असे कोणी विचारील. स्वच्छ ओरखडा खरोखरच दोन-तीन दिवसांत भरतो. पण तो स्वच्छ आहे की नाही, हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. दूध, मध, एरंडेल घातल्याने तर नवे जंतू मिळतात. वेळेला किती महत्त्व आहे, हे नेपाळमधल्या भक्तपूरच्या अभ्यासात दिसले. तिथे ओरखडा झाल्यापासून 18 तासांच्या आत साधे प्रतिजैविक मलम मिळालेल्या 284 जणांपैकी एकालाही व्रण झाला नाही. 24 ते 48 तासांनी आलेल्या 49 जणांपैकी 14 जणांना झाला. इथे प्रामाणिकपणे हेही सांगायला हवे की त्या अभ्यासात तुलनेसाठी उपचाराविना ठेवलेला गट नव्हता आणि पुढे नेपाळमध्येच मोठ्या प्रमाणावर, गावे वाटून घेऊन झालेल्या चाचणीत अशा गावपातळीवरच्या मोहिमेने व्रणांचे एकूण प्रमाण घटले नाही. म्हणून आशाताईंच्या पिशवीत मलम टाकले की प्रश्न सुटला, असा माझा दावा नाही. दावा एवढाच आहे की तपासणी लवकर व्हावी आणि तोवर स्टेरॉइड दूर राहावे.

त्यासाठी लागणारे सामान महाग नाही. फ्लुरोसीन रंगाची कागदी पट्टी डोळ्याला टेकवली आणि निळा प्रकाश टाकला की ओरखडा हिरवा चमकतो. भक्तपूरमध्ये हे काम गावातल्याच प्रशिक्षित स्वयंसेवकांनी निळी बॅटरी आणि भिंग घेऊन केले होते. रायगडच्या किनारी तालुक्यांतल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात या पट्ट्या, एक निळी बॅटरी आणि ती वापरायला शिकलेली एक नर्स कापणीच्या आधी, म्हणजे सप्टेंबर संपायच्या आत असायला हवी. हिरवा चट्टा दिसलेला रुग्ण दुसऱ्या दिवशी पुन्हा आला का, याची नोंदही त्याच केंद्राने ठेवावी.