साखर मोजली, कोलेस्टेरॉलचे काय?

तिशीपुढील प्रत्येकाची साखर आणि रक्तदाब तपासण्याचा सरकारी कार्यक्रम उपकेंद्रापर्यंत पोहोचला, हे चांगलेच झाले. पण त्यात कोलेस्टेरॉल नाही. मधुमेहींना मोठा धोका हृदयविकाराचा. तो नुसती साखर आटोक्यात ठेवून टळत नाही. म्हणूनच मधुमेह असलेल्या ४० ते ७५ वयाच्या बहुतेकांना, एलडीएलचा आकडा फार वाढलेला नसला तरी, डॉक्टर स्टॅटिनची गोळी सुचवतात. रिपोर्ट नॉर्मल आला की अनेक जण ती परस्पर बंद करतात. अहो, तो गोळीमुळेच तर नॉर्मल आलेला असतो! ॲटोर्व्हास्टॅटिन राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहे, फार महागही नाही. मग प्राथमिक आरोग्य केंद्रात मेटफॉर्मिनसोबत तीही महिनाभराची एकदम मिळायला काय हरकत आहे?